भागीबाईला काहीच होत नाही

मी भुतांना मानत नाही. हे वाक्य मी उभ्या आयुष्यात इतक्या जणांना ऐकवलंय की माझी बायको उज्वला म्हणते, "आता भुतांनाही पाठ झालं असेल." स्वभावच तसा आहे. अमावास्येला प्रवास नको असं कुणी म्हणालं की मी मुद्दाम मोटारसायकल काढणार. मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबलं की त्याला चार शब्द सुनावून पुढे जाणार. अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मास्तरकी केली, त्यामुळे दुसऱ्याला शहाणं करायची खोड अंगात मुरलेली. भागीबाईची गोष्ट सांगायची तर आधी ही खोड सांगायला हवी, कारण तिचं जे झालं ते भुतांनी केलेलं नाही.

आमचं घर नाशकात म्हसरूळला. शाळा दिंडोरी तालुक्याच्या पार उत्तरेला, कळवणची हद्द जवळ येते तिथे, डांबरी रस्त्याच्या फाट्यावर. द्राक्षबागा मागे पडतात, नागली आणि भाताची खाचरं लागतात आणि समोर दुधाळगड उभा राहतो. गड म्हणजे नुसता कातळ. पण त्याच्या निम्म्यावर मोठी सपाट माची आहे आणि त्या माचीवर एक अख्खं गाव पडून आहे. तटबंदी आहे, वेस आहे, बाजाराचा रस्ता आहे, पाण्याचं टाकं आहे. माणूस नाही. आसपासचे लोक त्याला मोडकी पेठ म्हणतात.

पेठ का उठली, हे तीन जणांना विचारलं तर चार कारणं मिळतात. कुणी म्हणतं गाठीचा ताप आला, कुणी म्हणतं गोऱ्यांनी तोफा डागल्या, कुणी म्हणतं आग लागली. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. दिवस कलला की पेठेत बाजार भरतो. विकणारे दिसत नाहीत, भाव ऐकू येतो. त्या भावाला तुम्ही 'दे' म्हणालात की संपलं, तुम्हीही तिथलेच. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, दिंडोरीच्या बाजारापेक्षा स्वस्त मिळत असेल तर मी पिशवी घेऊन जातो. कुणी हसलं नाही.

गडाच्या पलीकडच्या अंगाला बेहडपाडा. पस्तीस-चाळीस घरं, सगळी कोकणा आदिवासींची. पाड्यावर पूर्वी छोटी शाळा होती. पट कमी म्हणून दोन वर्षांपूर्वी ती आमच्या शाळेला जोडली आणि तेवीस पोरं माझ्या हजेरीत आली. हजेरीत आली, वर्गात नाही. गडाला वळसा घालून यायला पोरांना दीड तास लागायचा. पेठेतून आलं तर अर्धा तास. पण पेठेतून कुणी पोर पाठवत नव्हतं. पहिल्या वर्षात पाच पोरी घरी बसल्या. एक तर चौथीतली होती, पाढे तिला तीसपर्यंत येत. मला संताप यायचा. ज्यांना कुणी कधी पाहिलं नाही अशा भाजीवाल्यांच्या भीतीने पोरींची शाळा सुटावी, हे मला सहन होईना.

म्हणून भादव्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकटाच पेठेत गेलो. वाट पाहायची, धोक्याच्या जागा टिपायच्या आणि पाड्यावर जाऊन सांगायचं, असा बेत. दुपारचे बारा वाजले होते. वेशीच्या कमानीतून आत शिरलो तर दोन्ही हातांना दुकानांची जोती, एकाला एक लागून. कुठे उंबरा शाबूत, कुठे जात्याची तळी मातीत रुतलेली. पावसाने गवत छातीपर्यंत वाढलेलं. मी मनातल्या मनात वाटेची रुंदी मोजत होतो आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला. "ये मेल्या, ये. आज घेच तू. सगळंच घे."

खरं तेच सांगतो. माझे पाय जागच्या जागी थांबले आणि तोंड घट्ट मिटलं.

मग भिंतीवरून एक डोकं वर आलं. पांढरे केस, कपाळावर गोंदण, हातात विळा. मला बघून बाई आधी दचकली आणि मग हसायला लागली. हसता हसता जोत्यावर बसलीच. साळिंदराने तिचं डांगर कुरतडलं होतं आणि ती त्या साळिंदराला शिव्या घालत होती. "गुरुजी, तुम्ही भ्याले," ती म्हणाली. मी म्हणालो, छे, मी कशाला भिऊ. "भ्याले तर भ्याले. लाजायचं काय त्याच्यात?"

ती भागीबाई. पंचावन्नच्या आसपासची, काटक, चालताना एक खांदा पुढे टाकणारी. मिश्रीने काळे पडलेले दात आणि त्या दातांची अजिबात फिकीर नसलेलं हसू. तिचा नवरा भिका दर हिवाळ्यात दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जायचा. बारा वर्षांपूर्वी तिकडून कावीळ घेऊन आला आणि पंधरा दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. भिकाची दीड एकर खाचरं त्याच्या भावांनी आपल्यात ओढून घेतली आणि भागीबाईला पाड्याच्या टोकाचं एक झोपडं उरलं. त्या पावसाळ्यात ती पहिल्यांदा पेठेत आली.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"पोटात काय असंल तर भ्या वाटतं गुरुजी. उपाशी माणसाला भूत नाय दिसत, भाकर दिसती."

तिने मला आपली शेती दाखवली. शेती म्हणजे पेठेतल्या पडक्या घरांच्या आतल्या जागा. एका घरात मिरची, एकात वाल, एकात डांगर, एकात दुधी. ज्या जागेत माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांदली, चुलीची राख आणि गोठ्याचं शेण जिथे साठलं, त्या पांढरीच्या मातीत काही टाकलं की ते उगवतंच, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भिंतींमुळे गुरांपासून राखण होती. पाण्याला टाकं होतं. ती घरांना नावंसुद्धा देऊन बसली होती. ज्या घराचा उंबरा कोरीव होता ते सावकाराचं, जिथे जाती जास्त सापडली ते पीठवालीचं. "पीठवालीच्या घरात मिरची तिखट व्हती," ती अगदी गंभीरपणे म्हणाली. "बाई खाष्ट असंल."

जे पिकायचं त्यातलं निम्मं ती पाड्यावर वाटायची. वालाच्या शेंगा आल्या की घरोघर ओंजळ ओंजळ जायची. लोक घ्यायचे. कुठून आल्या ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नव्हतं. बारा वर्षं हा न बोलण्याचा करार चालला होता. बेहडपाड्यात बोलणाऱ्यापेक्षा न बोलणारा शहाणा समजतात. मी बोलणाऱ्यांतला.

त्यानंतर दर शनिवारी मी पेठेत जाऊ लागलो. भागीबाईने मला वाट दाखवली, टाक्याच्या काठाला धरायची जागा दाखवली, कुठलं जोतं पोकळ आहे ते दाखवलं. नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाऊ घातला. बोलायला कुणी मिळाल्याचं तिला सुख होतं आणि मला ऐकायला. दिवाळीनंतर मी तिला म्हणालो, की आता पाड्यावर सभा घेतो, पोरांना याच वाटेने आणायचं. तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"आणा. पण माझं नाव नका घेऊ."

"का? तुझ्याइतका पुरावा दुसरा कुठला?"

"नका घेऊ गुरुजी. भूत हाय तेच बरं हाय. तेच माझी राखण करतं."

मला वाटलं, बाईला आपल्या वालाच्या शेंगांची काळजी आहे. पोरं येऊ लागली की शेंगा तोडतील. मी हसून म्हणालो, पोरांना दम देईन. तिने खुरपं पुन्हा उचललं.

सभा पाड्याच्या मारुतीपाशी झाली. पाड्याचा म्हातारा कारभारी गोटीराम मध्ये बसला होता, त्याचा शब्द पाड्यावर चालतो. शेजारी सहादू, त्याचे दोन नातू माझ्या वर्गात. बायका मागे उभ्या आणि त्यांच्यात भागीबाई. मी रस्त्याचं सांगितलं, अंतराचं सांगितलं, घरी बसलेल्या पाच पोरींची नावं घेतली. सहादू म्हणाला, "सगळं खरं हाय, पण तिकडं बाजार भरतो त्याचं काय?"

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, बाजार, बाजार काय लावलंय? ही भागीबाई बघा. बारा वर्षं रोज त्या पेठेत जाते. सकाळी जाते, दिवस बुडेपर्यंत राहते. तिला धरलं कुणी? तिला ताप आला? भागीबाईला काहीच होत नाही, मग तुमच्या पोरांना काय होणार?

सभा गप्प झाली. सगळ्या माना वळल्या, भागीबाईकडे. ती खाली बघत होती. मग गोटीराम सावकाश म्हणाला, "खरं हाय गुरुजी. तिला कायच व्हत नाय."

मला वाटलं, पटलं. अठ्ठावीस वर्षं वर्गात उभं राहूनही मला पटलेली शांतता आणि घाबरलेली शांतता यांतला फरक कळला नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन उज्वलाला म्हणालो, तर्काला कुणाचं उत्तर नसतं. ती म्हणाली, "जेवण गार होतंय."

दोन दिवसांनी चौदा पोरं पेठेतून आली. पुढे भागीबाई, मागे पोरांची रांग. पहिले काही दिवस ती त्यांना पाड्यापासून फाट्यापर्यंत आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची. पोरांना तिने पीठवालीचं घर दाखवलं, सावकाराचं घर दाखवलं. चौथीतली ती पोरगी पुन्हा वर्गात येऊन बसली. नोव्हेंबर आणि डिसेंबर हे दोन महिने मी फार सुखात होतो. माझ्या नोकरीत मी एक तरी काम नीट केलं, असं मला वाटत होतं.

जानेवारीत सहादूच्या सुनेचं सातव्या महिन्यात पोट पडलं.

अशक्त होती, नागलीच्या कापणीत शेवटपर्यंत राबली होती, आधीच्या वर्षीही तिला तसाच त्रास झाला होता. हे सगळं पाड्याला माहीत होतं. पण सहादू भगताकडे गेला. भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटाने जोड्या केल्या, पुन्हा टाकले. नाव घेतलं नाही. भगत नाव घेत नाही, खूण सांगतो. तो म्हणाला, "जिला तिथं कायच व्हत नाय, तिचं हाय हे."

माझंच वाक्य. मी पाड्याला पुरावा म्हणून दिलं होतं, त्यांनी पुरावा म्हणूनच घेतलं. त्यांच्या हिशेबात चूक नव्हती. भुताच्या जागी रोज जाऊन माणसाला काही होत नसेल, तर एक तर भूत नाही, नाही तर ते माणूस भुतांचं आहे. भूत तर आहेच. उरलं काय?

सुनेने डिसेंबरात भागीबाईचे वाल खाल्ले होते. सगळ्या पाड्याने खाल्ले होते, पण आठवलं तेवढंच. आठवडाभरात भागीबाईला कुणी नावाने हाक मारेना. ती आली की बायका हंडे उचलून विहिरीवरून बाजूला व्हायच्या. भुताळी, म्हणजे चेटूक करणारी बाई, हा शब्द तिच्यासमोर कुणी बोललं नाही, पोरांच्या तोंडून तो मला शाळेत कळला. पेठेची वाट एका दिवसात बंद पडली. आणि सहादूने गोटीरामापाशी बोलून ठेवलं की शिमग्याच्या आत बाई पाडा सोडून गेली पाहिजे. गेली नाही तर पुढचं त्याच्या हातात नाही. सहादू वाईट माणूस नाही. माझ्या टेबलावर दर पावसाळ्यात रानभाजी आणून ठेवणारा माणूस तो.

मी धावपळ केली. चौकीत गेलो. एक हवालदार पाड्यावर येऊन कायदा समजावून गेला, असं कुणाला भुताळी ठरवलं तर तुरुंग आहे म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या, कागदावर अंगठे आणि सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पुन्हा तेच. मारत तर नव्हतेच ते. नुसते तिच्यापासून बाजूला होत होते, आणि बाजूला होणाऱ्याला कुठलं कलम लावणार? भागीबाई आता दिवस उगवायच्या आत पाणी भरून घ्यायची. मला म्हणाली, "तुम्ही नका जीवाला लावून घेऊ." तिने एकदाही मला आठवण करून दिली नाही की नाव घेऊ नका म्हणून तिने सांगितलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत गोटीराम स्वतः शाळेत आला. व्हरांड्यात बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गुरुजी, बाई जावी असं मला बी नाय वाटत. भिका माझ्या मांडीवर खेळलाय. एक वाट हाय."

"सांगा."

"तुमची लेक आली म्हणं म्हायेरी."

आली होती. आमची सृष्टी, पहिलटकरीण, सातवा महिना सरत आला होता.

"तिला आणा एक दिस. पाड्यावर नको, हिथंच शाळंत, डांबरी हाय, गाडी दारापोत येती. आम्ही समदे हिथं येतो. भागीच्या हातची भाकर तुमच्या लेकीनं आमच्यासमोर खायाची. एक घास खाल्ला तरी चालंल. मग मी उठून दुसरा घास खातो, सहादू बी खाईल. त्यानं कबूल केलंय. इषय संपला."

मी म्हणालो, येत्या रविवारी. इतकं सोपं? मला हसू यायचंच बाकी होतं. भुतांना न मानणाऱ्या माणसाकडे त्यांनी काय मागितलं, तर भाकरीचा एक घास.

घरी सांगितलं. उज्वला लगेच म्हणाली, "काही गरज नाही." तिच्याशी मी भांडलो, तिच्या अडाणीपणावर चार शब्द बोललो. सृष्टी हसत म्हणाली, "आई, भाकरीच खायचीय ना. मला तर नागलीची आवडते. जाऊ आपण पप्पा." तिने तर कुठला ड्रेस घालायचा तेही ठरवलं.

इथपर्यंत मी जो आहे असं मला वाटत होतं, तोच होतो. पुढचं सांगायला जड जातं.

शुक्रवारी सृष्टीला तपासणीला घेऊन गेलो होतो. तपासणी झाली, सगळं छान आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. निघताना मी विचारलं, "मॅडम, रविवारी हिला दिंडोरीच्या पुढे डोंगराकडे न्यायचं म्हणतायत. रस्ता खडकाळ आहे, हिसके बसतात. चालेल का?" त्या म्हणाल्या, सातव्या महिन्यात कशाला उगाच, टाळा. सृष्टी बाहेर चपला घालत होती, तिने ऐकलं नाही. रस्ता खडकाळ नव्हता. शाळेच्या दारापर्यंत डांबर आहे, गोटीरामाने ते मुद्दाम सांगितलं होतं. मेहुण्याची गाडी सांगून ठेवलेली होती. हे सगळं ठाऊक असून माझ्या तोंडून खडकाळ शब्द आला. तो मी ठरवून बोललो का? मला खरंच माहीत नाही. एवढं माहीत आहे की डॉक्टरीणबाई टाळा म्हणाल्या तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, आणि आदल्या दोन रात्री मला झोप लागली नव्हती. सारखी सहादूची सून डोळ्यांपुढे येत होती.

उज्वलाला सांगितलं, डॉक्टर नको म्हणाल्या. तिने माझ्याकडे बघितलं आणि पानं वाढायला घेतली. मी भुतांना मानत नाही, हे माझं वाक्य तिने त्या दिवशी म्हणून दाखवलं नाही.

रविवारी मी एकटा गेलो. शाळेच्या पटांगणात पन्नासेक माणसं बसली होती. भागीबाई व्हरांड्याच्या कडेला, धुतलेलं लुगडं नेसून, पुढ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी. पहाटे उठून भाजल्या असणार. मोटारसायकलच्या मागे कुणी नाही हे तिने सगळ्यांच्या आधी पाहिलं.

मी उभं राहून सांगितलं, डॉक्टरांनी मनाई केली आहे. मग कुणी काही बोलायच्या आत पुढे झालो, फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मोठ्याने म्हणालो, बघा, मी खातोय.

"तुम्ही खा गुरुजी," गोटीराम म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. "तुमच्या पोटात कुठं पोर हाय?"

तो उठला, त्याच्यामागे सगळे उठले. सहादू जाताना माझ्याकडे बघून मान हलवून गेला. मला वाटतं, त्या दिवशी तो मला पहिल्यांदा आपल्यातला समजला. भागीबाईने उरलेल्या भाकरी फडक्यात पुन्हा बांधल्या, शेवटची गाठ नीट बसेना, ती तिने दोनदा सोडून मारली. आणि पेठेच्या वाटेने गेली.

शिमग्याच्या चार दिवस आधी तिने पाड्यावरचं झोपडं सोडलं. दुसऱ्या गावाला गेली नाही, जाणार तरी कुठे. भांडी, घोंगडी आणि दोन कोंबड्या घेऊन ती मोडक्या पेठेत राहायला गेली. तिथून तिला कुणी उठवणार नव्हतं. आता पेठेत खरोखरच कुणीतरी राहतं आणि संध्याकाळी खरोखरच धूर निघतो. पाड्याची पोरं तो धूर लांबून बघतात. सात पोरी घरी बसल्यात. चौथीतली ती, पाढेवाली, तिचं लग्न ठरवतायत असं ऐकलं.

एप्रिलात सृष्टीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मे महिन्यात सुट्टी लागल्यावर मी पेठेत गेलो. जायला तोंड नव्हतं, पण न जाणंही जमेना. भागीबाईने सावकाराच्या घरात चार वासे टाकून वर पाचट घातलं होतं. अंगणात चूल. मला बघून ती उठली, घोंगडी झटकून अंथरली. पूर्वीसारखी हसली नाही, पण बोलली नीट. पाणी दिलं. मी पाणी प्यायलो.

"लेकीचं झालं का?"

"मुलगी झाली."

"बरी हाय?"

"छान आहे."

"बरं झालं." तिने बोटांवर काही मोजलं, महिने असावेत. मग म्हणाली, "तिला हिकडं नका आणू."

मी म्हणालो, का नको, थोडी मोठी झाली की आणतो. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पुन्हा पुढे सारलं. मग खाली बघतच म्हणाली, "गुरुजी, एक इचारू? तुम्ही शिकल्यालं."

"विचार ना."

"बाई भुताळी असती आन् तिचं तिला ठाऊक नसतं, असं व्हतं का?"

मी ताडकन म्हणालो, नाही, भुताळी असं काही नसतंच. बराच वेळ बोललो. सहादूच्या सुनेचं अशक्तपण सांगितलं, भगताच्या दाण्यांची लबाडी सांगितली, शाळेत सांगतो तसं सगळं सांगितलं. तिने अगदी लक्ष देऊन ऐकून घेतलं.

"आधी मला बी असंच वाटायचं," ती म्हणाली. "पाडा बोलला तवा नाय वाटलं काय. ते अडाणी. पण तुम्ही लेकीला आणलं नाय, तवापासनं इचार येतो. तुम्ही तर मानत नाय ना असलं काय. मग तुम्हाला कायतरी दिसलं असंल माझ्यात."

ती वर बघून उत्तराची वाट पाहत होती. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. ते ऐकून तिच्या मनातलं गेलं असतं, फक्त मी उरलो नसतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "रस्ता खराब होता, भागीबाई."